ऐतिहासिक वेषासाठी मऊ चामडे

शिवकालीन नाटकात इंग्रज वकिलाचे पात्र आले तर त्याला इतिहासाचा आधार असतो. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. अशा पात्राचा कोट कापडात निभावतो. वेषकाराची खरी परीक्षा होते ती हातमोजे, कमरपट्टा आणि बरोबरच्या शिपायाचा अंगरखा यांत.

त्या काळच्या युरोपात तुरटीने कमावलेले करडाचे कातडे पांढरेशुभ्र व अतिशय मऊ असे. उंची हातमोजे त्याचेच होत. मात्र पाणी लागले की तुरटी धुऊन जाते आणि वाळल्यावर कातडे ताठरते. नटाच्या घामाचा विचार म्हणूनच आधी करावा. तेलात कमावलेले चामडे जाड, तरी लवचिक. १६४२ ते १६५१ या काळातील इंग्लंडच्या यादवीत घोडेस्वार त्याचेच पिवळसर अंगरखे घालीत.

आज बाजारात बहुतांशी मिळते ते क्रोमने कमावलेले. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. मऊपणात ते उणे नाही. पण कापलेल्या कडेला निळसर करडी झाक दिसली की काळाचे सोंग उघडे पडते. ती कड रंगवावी किंवा आत दुमडावी. मेंढीचे कातडे मऊ खरे, परंतु ताणते व लवकर फाटते. शेळीचे चिवट असते. काखेत आणि बोटांच्या सांध्यांवर शेळीचेच लावावे.

कापडाची चूक उसवून सुधारता येते. चामड्यावर सुईचे प्रत्येक छिद्र कायम राहते. म्हणून प्रथम मांजरपाटाचा नमुना शिवून नटाच्या अंगावर पाहावा. पोटाकडील कातडे सैल, पाठीचे घट्ट. दिसणारे मोठे तुकडे पाठीतूनच कापावेत.

कमरपट्ट्यासाठी दूर जावयास नको. कोल्हापूर-बेळगाव भागात बाभळीची साल व हिरडा वापरून कातडी कमावण्याची परंपरा जुनी आहे. नुसता अंगठा फिरवून कातडे किती ताणेल हे सांगणारे कारागीर तेथे घडले. आणि त्यांनाच गावाने वेशीबाहेर ठेवले. त्यांच्या हातचा पट्टा बांधून नट दरबारात मिरवतो, टाळ्या घेतो. वेषकाराने कातडे निवडताना त्या कारागिराचा सल्ला घ्यावा, त्याला योग्य दाम द्यावा आणि नाटकाच्या श्रेयनामावलीत त्याचे नावही घालावे. इतिहास खरा दाखवायचा, तर एवढे तरी खरेपण पडद्यामागेही हवे.