लस, मजुरी आणि मालकीण



कामाच्या ठिकाणची लस व नोकरीचा कायदा हा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, ही कारखानदारांची बाब; कळमनुरीच्या बायकांना तिचे काय? परंतु धुण्याभांड्याला बाई लावणारी, हळद काढायला मजूर बोलावणारी, पापडाच्या कामाला चौघीजणी बसवणारी, अशा आपण बहुतेक जणी कोणाच्या तरी मालकिणीच आहोत. काहींच्या घरी तर दवाखानाच आहे.

करोनाच्या साथीत लस हा नोकरीचा प्रश्न झाला. नोव्हेंबर 2021 मध्ये ठाणे महानगरपालिकेने ठरवले की, पहिला डोस न घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना पगार द्यायचा नाही. लस ऐच्छिक आहे असे केंद्र सरकार सांगत होते, आणि खाली पगार अडत होता! मेघालयात तर दुकानदार व टॅक्सीवाल्यांना लस घेतल्याशिवाय धंदा उघडता येईना. तेथील उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये ही सक्ती अमान्य केली. पुढे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल यांच्या खटल्यात निर्णय दिला की, कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. आपल्या शरीरावर ज्याचा त्याचा अधिकार आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला काही बंधने घालता येतात, पण ती प्रसंगाच्या मानाने बेताची असावीत, असेही न्यायालयाने म्हटले. खासगी संस्थांनीही आपापले निर्बंध पुन्हा तपासावेत, अशी सूचना केली.

माझे स्वतःचे मत लसीच्या बाजूचे आहे, हे लपवीत नाही. पण भीती घालून टोचलेली लस पुढच्या लसीची वैरीण होते. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन साहेबांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, मग इतरांना दिली. मालकिणीने हा क्रम ध्यानात ठेवावा.

आता पैशाचे. दुकान-कारखान्यातील पगारातून काय कापता येते, याची यादी पूर्वी 1936 च्या वेतन कायद्यात होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती वेतन संहितेत आहे. लस न घेणे हे कारण त्या यादीत नाही. कामावर न आलेल्या दिवसाचे पैसे कापता येतात, झालेल्या कामाचे नव्हे. मोलकरणीच्या बाबतीत कायद्याचे पुस्तक बाजूला ठेवले तरी न्याय हाच.

आणि एक बंधन असे आहे की, ते कामगारावर नसून मालकावर आहे; त्याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार दवाखाना चालवणाऱ्याने, तो कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ 'ब' आणि धनुर्वात यांची लस दिली पाहिजे. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणीही केली पाहिजे. वापरलेली सुई बोटात शिरते ती डॉक्टरांच्याच नव्हे, पिशव्या उचलणाऱ्या मावशींच्याही. दवाखाना लहान असला तरी नियम तोच.

शेतावर असा नियम कोणी वाचून दाखवत नाही. विळा-खुरपे लागले की हळद दाबून बाई पुन्हा कामाला लागते, कारण दवाखान्यात गेले की रोज बुडतो. तो रोज आपण दिला, तर ती इंजेक्शनाला जाईल. समजावणीची भाषणे शंभर करा, तिची अडचण अर्ध्या दिवसाच्या मजुरीची असते.

कावीळ 'ब'चे डोस तीन: पहिला, महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. चुकतो तो तिसराच. तोवर मावशींनी दवाखाना बदललेला असतो आणि नोंद जुन्या कपाटात राहते. म्हणून ज्यांच्या घरी दवाखाना आहे, त्यांना इतकेच सांगणे की, तारखा लिहिलेले कार्ड पहिल्याच दिवशी मावशींच्या हाती द्यावे आणि तिसऱ्या डोसची तारीख त्यांना वाचून दाखवावी.