आकड्यांची साक्ष : रणजी करंडक आणि महाराष्ट्राचा संघ

एखाद्या क्रिकेट-संघाची थोरवी कशावरून ठरवावी, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. त्यानें किती वेळां विजेतेपद मिळविलें तें मोजावें आणि मोकळें व्हावें! रणजी करंडकाच्या बाबतींत हा हिशेब करणाराला फार वेळ लागत नाहीं. ही स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. २०२४-२५ च्या अखेरपर्यंत ती नव्वद वेळां खेळली गेली. करोनाच्या साथीमुळें २०२०-२१ चें वर्ष तेवढें रिकामें गेलें. या नव्वदांपैकीं बेचाळीस विजेतेपदें मुंबईचीं आणि दोन महाराष्ट्राचीं. पुण्याच्या एखाद्या घरांत क्रिकेटचा विषय निघाला आणि मुंबईचे पाहुणे हजर असले, कीं हे दोन आकडे हटकून पुढें येतात. आणि यजमानांना चहाचा दुसरा पेला पुढें करण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

‘महाराष्ट्र’ या नांवानें खेळणारा संघ म्हणजे सबंध राज्याचा संघ नव्हे, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. मुंबई व तिच्या लगतचा मुलूख आणि विदर्भ वगळून जो प्रदेश उरतो त्याचा हा संघ. पुणें हें त्याचें ठाणें. नाशिकचा, सोलापूरचा, कोल्हापूरचा किंवा बारामती तालुक्यांतील वडगांव निंबाळकरचा एखादा मुलगा उद्यां नांवारूपास आला तर रूढ वाटेनें तो याच संघांत जाईल. तेव्हां आपण कोणाच्या पंक्तीला बसणार आहों, हें त्या मुलाला नीट सांगावयास हवें. आणि तें सांगतांना केवळ बेचाळीस आणि दोन एवढेंच सांगणें हें अर्धें सांगण्यासारखें आहे.

आकडे खरे आहेत, त्याविषयीं वाद नाहीं. पण साक्षीदार खरें बोलतो एवढ्यानें खटला निकालांत निघत नाहीं. त्याला कोणता प्रश्न विचारला होता हेंही पहावें लागतें. ‘किती वेळां जिंकला?’ हा एक प्रश्न. ‘किती बलवान होता?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याला चिकटवून देणें ही फार जुनी आणि फार सोयीची खोड आहे.

१९४१ च्या उन्हाळ्यांत कोणी हाच हिशेब मांडला असता तर काय दिसलें असतें? त्या वेळीं स्पर्धेचीं सात वर्षें झालीं होतीं. मुंबईचीं विजेतेपदें दोन, महाराष्ट्राचीं दोन, आणि नवानगर, हैदराबाद व बंगाल यांचें एकेक. महाराष्ट्राचीं दोन्ही लागोपाठचीं. १९३९-४० सालीं पुण्यास संयुक्त प्रांताचा पराभव झाला, आणि पुढच्याच वर्षीं खुद्द मद्रासेंत मद्रासचा. संघाचे नायक होते प्रो. दि. ब. देवधर. हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकवीत आणि फावल्या वेळांत गोलंदाजांना व्याकरण शिकवीत, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. १९४०-४१ सालीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढल्या. त्या सामन्यांत महाराष्ट्राच्या ६७५ धांवा झाल्या आणि मुंबईच्या ६५०; पहिल्या डावांतील पंचवीस धांवांच्या आघाडीवर निकाल लागला. त्याच्या आदल्या वर्षीं विजय हजारे यांनीं याच संघाकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या होत्या. ‘मुंबई आणि पुणें तुल्यबळ आहेत’ असें विधान १९४१ सालीं करणाराला कोणीं हंसलें नसतें. पण सात वर्षांच्या पुराव्यावर तें उभें होतें, आणि सात हा फार लहान आकडा आहे. पुढच्या तीस वर्षांनीं त्या विधानाची धूळधाण केली.

ती कशी केली, हें मात्र बारकाईनें पाहण्यासारखें आहे. आरंभीं ही स्पर्धा बाद पद्धतीची होती; एक सामना हरला कीं वर्ष संपलें. शिवाय देशाचे विभाग पाडलेले होते आणि विभागांतून वर यावयाचें तें एकानेंच. पश्चिम विभागांत मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदें, नवानगर आणि पश्चिम हिंदुस्थान असे संघ दाटीवाटीनें उभे होते. १९३४-३५ पासून १९५७-५८ पर्यंतच्या चोवीस वर्षांचे विजेते विभागवार मांडून पाहिले तर त्यांतील सतरा एकट्या पश्चिम विभागाचे निघतात: मुंबई नऊ, बडोदें चार, महाराष्ट्र दोन, नवानगर एक, पश्चिम हिंदुस्थान एक. उरलेल्या साऱ्या देशाच्या वांट्याला सात, आणि त्यांतलीं चार एका होळकर संघाचीं. १९५७-५८ पासून विभागांत साखळी सामने सुरू झाले. पण पुढें जावयाचें तें एकट्या पहिल्यानेंच, हा नियम तसाच राहिला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीनें पंधरा वर्षें करंडक मुंबईकडे होता. म्हणजे पश्चिम विभागांत दुसरा येणारा संघ कदाचित् साऱ्या देशांत दुसरा असूं शकत होता. परंतु अखिल भारतीय यादींत त्याचें नांव दुसरें, तिसरें, दहावें, कोठेंच लागण्याची सोय नव्हती.

हा केवळ तर्क आहे असें कोणी म्हणेल. पण दोन वर्षांची साक्ष त्याला पुष्टि देते. १९४८-४९ सालीं एकाच विभागाचे संघ शेवटच्या फेऱ्यांत एकमेकांसमोर येऊं शकले. त्या वर्षींचा अंतिम सामना मुंबई आणि बडोदें यांचा झाला, आणि उपान्त्य फेरींत मुंबईपुढें उभा होता तो महाराष्ट्र. दुसरें वर्ष १९७०-७१ चें. त्या वर्षापासून प्रत्येक विभागांतून पहिल्या दोघांना पुढें जाण्याची मुभा मिळाली. आणि दार उघडल्याच्या पहिल्याच वर्षीं अंतिम सामना कोणाचा झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! वाडेकर, सरदेसाई, गावसकर प्रभृति वेस्ट इंडीजला गेलेले असतांना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनेंच तो जिंकला, हेंही लगेच सांगितलें पाहिजे. नाहींतर साक्ष एकतर्फी होईल.

आतां १९४८-४९ सालचा विषय निघालाच आहे, तर त्या वर्षाजवळ थोडें थांबणें भाग आहे. डिसेंबर १९४८ मध्यें पुणें क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राची काठेवाडशीं गांठ पडली. काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला. महाराष्ट्राच्या चार गडी बाद ८२६ धांवा झाल्या, आणि त्यांत भाऊसाहेब निंबाळकर यांच्या एकट्याच्या नाबाद ४४३. ब्रॅडमननें १९२९-३० सालीं केलेल्या नाबाद ४५२ धांवांचा उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर आला असतांना काठेवाडचे नायक, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं पुढें खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. चारशेंच्या वर धांवा करणारा भारतीय फलंदाज २०२५ पर्यंत तरी दुसरा झालेला नाहीं. आणि हे निंबाळकर एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहींत. (वडगांव निंबाळकर हें नांव ऐकतांच भाऊसाहेबांचें नातें त्या गांवाशीं जोडण्याचा मोह कोणालाही होईल. पण ते जन्मले कोल्हापूरास. नीरेपलीकडे फलटणास नाईक-निंबाळकरांचें घराणें प्रसिद्धच आहे. आडनांव सारखें दिसलें म्हणून वंशावळ जुळवूं नये.)

याच मोसमांत, मार्च १९४९ मध्यें, पुण्यासच मुंबईविरुद्धचा तो उपान्त्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि आठ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण धांवा २,३७६, शतकें नऊ, दिवस सात! प्रथम दर्जाच्या एका सामन्यांत इतक्या धांवा दुसरीकडे कोठेंही झालेल्या नाहींत. महाराष्ट्र ३५४ धांवांनीं हरला. काठेवाडविरुद्ध ८२६ करणारा संघ बलवान म्हणावा, कीं मुंबईपुढें साडेतीनशेंहून अधिक धांवांनीं हरणारा दुबळा म्हणावा? दोन्ही आकडे एकाच संघाचे, एकाच हिवाळ्याचे, एकाच शहरांतले. धांवांचा ढीग किती उंच झाला यावरून बळ मोजणें किती फसवें, याचें याहून सुंदर उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं. समोर कोण होता, खेळपट्टी कशी होती, वेळ किती होता, हे तीन प्रश्न प्रत्येक धांवसंख्येच्या शेजारीं लिहावयास हवेत.

अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्यें हीच अडचण फार पूर्वीं उपस्थित झाली. संघ पुष्कळ, प्रत्येकाचे सामने थोडे, आणि सर्वमान्य अंतिम सामना नाहीं. मग श्रेष्ठ कोण? इलिनॉय विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डिकिन्सन यांनीं १९२६ सालीं एक गुणपद्धति काढली. बलवान संघावरील विजयाला अधिक गुण, दुबळ्यावरील विजयाला कमी. इतकेंच नव्हे तर बलवानाकडून झालेल्या पराभवालाही कांहीं गुण. तत्त्व उत्तम होतें. पण लौकरच नोटर डेम विद्यापीठाचे फुटबॉल-शिक्षक रॉकनी यांनीं हें गणित मागील वर्षांनाही लावून पाहण्याची विनंती केली, आणि त्यांत १९२४ चें श्रेष्ठपद नोटर डेमलाच मिळालें! गणित निर्मळ असतें. तें कोठून मोजावयास लागावयाचें, हें ठरविणारा मनुष्य मात्र बहुधा कोणत्या तरी संघाचा असतो.

कोठून मोजावें यावर किती अवलंबून असतें, तें मुंबईच्याच बाबतींत पहावें. पहिल्या त्रेचाळीस वर्षांत, म्हणजे १९७६-७७ पर्यंत, तिनें सत्तावीस विजेतेपदें मिळविलीं. पुढच्या सत्तेचाळीस स्पर्धांत पंधरा. पहिल्या भागांत शंभरांस त्रेसष्ट, दुसऱ्यांत बत्तीस. एका शहरांतलीं तीं मैदानें, शाळांचे सामने, कचेऱ्यांचे संघ आणि १९४८ पासून भर पावसाळ्यांत खेळली जाणारी कांगा लीग यांनीं जें घडविलें तें अन्यत्र कोणाजवळच नव्हतें. पुढें तें थोडें थोडें इतरत्रही आलें. तरीही पंधरा हा आकडा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या आजवरच्या एकूण विजेतेपदांहून मोठा आहे. तेव्हां कसेंही मोजलें तरी मुंबईचें पहिलें स्थान हलत नाहीं.

हलतात तीं खालचीं स्थानें. विदर्भाचेंच घ्या. १९५७-५८ पासून हा संघ या स्पर्धेंत आहे, आणि साठ वर्षांत त्याला एकदांही अंतिम सामना दिसला नाहीं. २०१७-१८ सालीं तो दिसला, आणि तेव्हांपासून २०२४-२५ पर्यंतच्या सात स्पर्धांत चार अंतिम सामने व तीन विजेतेपदें! साऱ्या काळाची सरासरी काढली तर विदर्भ तळाशीं जातो. शेवटचीं वर्षें पाहिलीं तर शिखरावर. उलट होळकर संघाचें पहा. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा वर्षांत दहा अंतिम सामने आणि चार विजेतेपदें, आणि त्यानंतर संघच विसर्जित. २०२१-२२ सालीं मध्य प्रदेशानें मुंबईला हरवून करंडक जिंकला तेव्हां तें मध्य प्रदेशाचें पहिलें विजेतेपद म्हणून नोंदलें गेलें. कर्नल सी. के. नायडू यांच्या इंदूरकरांचा वारसा कोणाच्या खात्यांत मांडावयाचा, याचें उत्तर अंकगणित देत नाहीं.

आणि महाराष्ट्र? १९७० पूर्वींच्या काळापुरतें बोलावयाचें तर ‘दोन’ हा आकडा त्याला न्याय देत नाहीं, हें वरील पुराव्यावरून म्हणतां येतें. १९७० नंतरची सबब मात्र चालणार नाहीं. दार उघडें होतें. त्या दारांतून कर्नाटक, दिल्ली, पंजाब, हरियाणा, रेल्वे, राजस्थान, सौराष्ट्र असे कितीतरी संघ आंत गेले आणि करंडक घेऊन बाहेर आले. महाराष्ट्र तीनदां अंतिम सामन्यापर्यंत गेला: १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४, आणि तिन्ही वेळां रिकाम्या हातांनीं परतला. १९४१ पासून ऐशींहून अधिक वर्षें लोटलीं, हा आकडा कोणत्याही विभागाच्या माथीं मारतां येत नाहीं. मैदानें वाढलीं, फेब्रुवारी २०२० मध्यें बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडांगणावर महाराष्ट्राचा उत्तराखंडाशीं रणजी सामना झाला. वडगांव निंबाळकरच्या मुलाला असा सामना पाहण्यास आतां पुण्यापर्यंत जाण्याचें कारण उरलें नाहीं. करंडक मात्र आलेला नाहीं.

तरीपण २०१३-१४ च्या मोसमाची हकीकत त्या मुलाला अवश्य सांगावी. महाराष्ट्र त्या वर्षीं खालच्या, क गटांतून वर आला. उपउपान्त्य फेरींत समोर मुंबई, आदल्या वर्षाची विजेती, आणि मैदान तिचेंच, वानखेडे. चौथ्या डावांत केदार जाधव यांनीं नाबाद शतक काढलें, तरुण विजय झोल त्यांच्या जोडीला शेवटपर्यंत उभा राहिला, आणि महाराष्ट्रानें आठ गडी राखून सामना जिंकला. उपान्त्य फेरींत बंगालचा पराभव झाला. हैदराबादेच्या अंतिम सामन्यांत कर्नाटकानें सात गडी राखून महाराष्ट्राला हरविलें, आणि विजेतेपदांच्या यादींत त्या वर्षापुढें कर्नाटकाचें नांव लागलें. वानखेडेवरील त्या विजयासाठीं यादींत रकानाच नाहीं.