नावातलं एक अक्षर



आपण डोंबिवलीकर प्रवासाला सरावलेली माणसं. तीन महिन्यांचा पास खिशात असला की आपली वाट मोकळी. परदेशी सहलीला मात्र पासपोर्ट आणि तिकीट एवढ्यावर भागेलच असं नाही. कित्येक देशांसाठी घरूनच एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. श्रीलंकेनं अशी प्रवास-परवानगी २०१२ साली सुरू केली. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली. पण १ मे २०२५ पासून कागदी कार्डाच्या जागी ऑनलाइन आगमनपत्र सक्तीचं केलं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं.

काम तसं लहान. पण सुरुवातीलाच नावाचा रकाना येतो, आणि अडचण तिथेच आहे.

मी कवितेचा माणूस. एका मात्रेनं ओळ कशी लंगडते ते मला ठाऊक आहे. नावाच्या बाबतीत यंत्र त्याहून कडक असतं. 'शेख' हे दोन अक्षरांचं आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. 'मोहम्मद' वडिलांच्या कागदावर पूर्ण, तर मुलाच्या कागदावर नुसतं 'एमडी'. एका कागदावर 'फातिमा', दुसऱ्यावर 'फातिमाबी'. हे काही आमच्याच घरांत घडतं असं नाही. शेजारच्या काकूंचं रेशनकार्डावर एक नाव, बँकेत माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. जन्मतारखेचंही तेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून कितीतरी जणांना जन्मभर पुरली आहे!

अर्जाला यातलं काहीच समजत नाही. त्याला फक्त पासपोर्ट समजतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या. विमानतळावरचं यंत्र त्याच वाचतं. म्हणून आई काय म्हणायची, आधारकार्डावर काय आहे, हे बाजूला ठेवा. पासपोर्ट समोर घ्या आणि त्यातलं नाव, नंबर, तारीख जशीच्या तशी उतरवा. 'गिव्हन नेम'मध्ये सुनीता आणि रमेश अशी दोन्ही नावं असतील, तर दोन्ही लिहा. तिकिटावरही तसंच हवं. पासपोर्टमध्येच चूक असेल, तर आधी नवा पासपोर्ट काढावा लागतो. त्याला वेळ लागतो.

आपल्याकडे आडनाव न लावणारीही माणसं आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं पर्यटकाच्या पासपोर्टवर एकच नाव असेल तर प्रवेश नाही, असं कळवलं. पुढे खुलासा झाला, की दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. पण तोवर किती घरांत धाकधूक झाली असेल!

दुसरी काळजी पत्त्याची. इंटरनेटवर शोधलं की सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खाजगी दुकानं आधी समोर येतात. थायलंडचं आगमनपत्र फुकट आहे, तरी त्याचे पैसे उकळणारी संकेतस्थळं निघाली. खरं संकेतस्थळ तिथल्या इमिग्रेशन खात्याचं. त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट टीएच' असतं. श्रीलंकेच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट एलके'. मागच्या सहलीत लिहून ठेवलेल्या पत्त्यावरही विसंबू नका. श्रीलंकेचं हे काम एप्रिल २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांकडे गेलं, ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि सप्टेंबरअखेर जुनी पद्धत परत आली. एका वर्षात दोनदा बदल! म्हणून प्रत्येक वेळी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच पुढे जा. आणि परवानगी मिळाली म्हणजे प्रवेश पक्का, असंही नाही. शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा.

आता शेवटचं. आपल्या घरांत हे अर्ज बहुधा नातवंडं भरतात, आणि ज्यांचं नाव आहे ती आजी आतल्या खोलीत बसलेली असते. तिला बाहेर बोलवा. पासपोर्ट तिच्या हातात द्या, एकेक अक्षर वाचून दाखवा. नातवाच्या घाईत सुटलेलं अक्षर तिच्या लक्षात येईल. दोन वर्षं पै-पै साठवून काढलेली सहल काउंटरवर अडू नये, आणि सगळ्यांच्या देखत तिला स्वतःचं नाव सिद्ध करत उभं राहावं लागू नये. त्यासाठी घरातली ही दहा मिनिटं जरूर काढा.