वर्ग, वस्तू आणि घरबसल्या अध्ययन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या प्रसंगी आम्ही एखाद्या संतचरित्रावर बोलावे, अशी काही वडीलधाऱ्यांची अपेक्षा होती. परंतु सेवानिवृत्तीनंतर ज्या विषयाच्या अध्ययनात आमच्या सायंकाळी गेल्या, त्याविषयीच चार शब्द सांगण्याची अनुज्ञा कार्यकारी मंडळाने दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहो. तो विषय म्हणजे संगणकाची वस्तुकेंद्री आज्ञावली. इंग्रजीत तीस ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतात.

हे शास्त्र कालपरवाचे नव्हे. नॉर्वे देशी ऑस्लो येथे ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर या दोघा विद्वानांनी रचलेल्या 'सिम्युला ६७' या संगणकभाषेत वर्ग आणि वस्तू या कल्पना प्रथम अवतरल्या. १९९५ साली प्रसिद्ध झालेली 'जावा' याच वंशातील होय.

वर्ग म्हणजे काय? शाळा सोडल्याच्या दाखल्याचा कोरा छापील नमुना आपण सर्वांनी पाहिला आहे. नमुना एकच; त्यावरून भरलेले दाखले शेकडो, प्रत्येकावर नाव निराळे, जन्मतारीख निराळी. कोरा नमुना तो वर्ग, भरलेला दाखला ती वस्तू. आपले नैयायिक काहीशा अशाच अर्थाने जाती आणि व्यक्ती हे शब्द योजीत. ज्ञातिसभेत हे शब्द उच्चारताना श्रोत्यांनी गैरसमज करून घेऊ नये, एवढीच विनंती!

तथापि वस्तूस केवळ माहिती नसते, कृतीही असतात. पतपेढीचे उदाहरण घेऊ. 'खाते' हा वर्ग. 'शिल्लक' ही त्यातील माहिती. 'भरणा' आणि 'उचल' या त्याच्या कृती. खातेदार स्वतः तिजोरीत हात घालीत नाही. तो खिडकीशी चिठ्ठी देतो, आणि शिल्लक पुरेशी असल्यास कारकून रक्कम मोजून देतो. जावात 'शिल्लक' या नावाआधी 'प्रायव्हेट' हा शब्द लिहिला की बाहेरच्या आज्ञावलीस ती परस्पर बदलता येत नाही. 'उचल' या खिडकीशीच यावे लागते. पाचशे शिल्लक असता सातशेंची मागणी आली तर नकार द्यावा, हा नियम त्या एकाच ठिकाणी लिहिला की पुरे, आणि उद्या नियम बदलला तर दुरुस्तीही तेथेच. 'बचत खाते' हा पोटवर्ग 'खाते' या वर्गाचा सारा वारसा घेतो व व्याजाची कृती तेवढी आपली जोडतो. बहुरूपतेचे प्रकरण आज सोडून देतो. ते सवडीचे आहे.

हे शिकविणारे पाठ घरबसल्या मिळतात. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर नाव नोंदविण्यास पैसा पडत नाही. प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असेल तेव्हाच शुल्क. मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने तर जावाचे छोटे छोटे पाठ मराठीतूनही दिले आहेत. असे असता आपल्यातील पालक कर्ज काढून मुलांस खासगी शिकवणीस घालतात, याचे आम्हांस दुःख होते.

मात्र पाठ पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. पडद्यावरील अध्यापक भराभर लिहितो, शिष्य मान डोलावितो, आणि कोरे पान समोर येताच बोटे थबकतात. आमचा परिपाठ असा की, दहा मिनिटे पाठ पाहावा, मग तो बंद करून तेच उदाहरण न पाहता लिहावे, आणि पुढे त्यात आपला एक नियम घालावा. यंत्र दोष दाखविते; तो दोषसंदेश शब्दशः वाचणे हेच खरे अध्ययन. परंतु तो असतो इंग्रजीत, आणि मराठी शाळेतून आलेली मुलगी नेमकी येथेच खचते. तिची बुद्धी उणी नसते. शेजारी बसून "पुन्हा वाच, बाळ" म्हणणारे कोणी नसते. शिवाय घरात भ्रमणध्वनी एक आणि भावंडे तीन. त्यावर पाठ पाहता येईल, पण आज्ञावली लिहिण्यास कळफलक हवा.

म्हणून आमची सूचना अशी की, शिष्यवृत्ती निधीतून दोन चालते जुने संगणक घेऊन वाचनालयाच्या मागील खोलीत ठेवावेत. मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी सहा ते आठ आम्ही तेथे बसत जाऊ. येताना मुलामुलींनी वही आणावी.