पंडिताची शाई
(गोंदिया येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



गोंदियाच्या स्टेशनावर गाडीत चढताना आपल्याला तिकीट विचारतात, वंश विचारत नाहीत. युरोपात मात्र एक काळ असा आला, की वंश पाहून माणसं मालडब्यात कोंबली गेली. साठ लाख ज्यू मारले. हे एकट्या हिटलरचं काम नव्हतं. त्याच्या आधी पन्नास वर्षं पंडितांनी शाईनं ती जमीन नांगरून ठेवली होती.

त्यातला एक पॉल द लागार्द. जन्म १८२७, बर्लिन. १८६९ पासून ग्योटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक. हिब्रू, अरामाईक, सिरियाक भाषांचा जाणकार. ज्यूंचे ग्रंथ कोळून प्यालेला. आणि हाच माणूस १८८७ साली लिहितो, की जंतूंशी वाटाघाटी करायच्या नसतात, त्यांचा नायनाट करायचा असतो. जंतू कोण? तर ज्यू! त्यांना मादागास्करला हाकला, असंही त्यानं सुचवलं. १९४० साली नाझींनी तीच योजना कागदावर आणली.

गंमत बघा. हाच लागार्द म्हणायचा, जर्मनपण रक्तात नसतं, मनात असतं. म्हणजे माणसाला किडा ठरवायला रक्त तपासावं लागत नाही. आमच्या मनूनं तरी कुठं तपासलं होतं?

दुसरा मॅक्सम्युलर. भाषांच्या कुळाला ‘आर्य’ हे नाव रूढ करण्यात त्याचा मोठा हात. लोकांनी भाषेचं कूळ रक्ताचं केलं. १८८८ साली त्यानं स्वतः बजावलं, आर्य म्हणजे भाषा. रक्त नव्हे, कवटी नव्हे. ऐकतो कोण? शब्द हातातून सुटला होता. तो फिरत फिरत आपल्या शेजारी नागपुरापर्यंत आला. १९३९ साली गोळवलकरांच्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीनं ज्यूंना हुसकावलं, हा हिंदुस्थानसाठी चांगला धडा म्हणून छापलं गेलं.

आता कडू गोष्ट, आपल्या घरची. आपलेही पोट्टे सभेत ओरडतात, ‘ते आर्य, परके, आपलं रक्त अस्सल.’ जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त आर्यांची कहाणी उलटवून भटशाहीवरच फेकली. ते लढाईतलं हत्यार होतं. पण बाबासाहेबांनी पुरावाच तपासायला घेतला. १९३६ साली त्यांनी सांगितलं, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे. जात म्हणजे वंश नव्हे. १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या ग्रंथात वेद उलगडून दाखवलं, की आर्य वंश असा वेदात सापडतच नाही.

मग लढायचं कशाशी? व्यवस्थेशी. पाणवठा बंद करणाऱ्या, जमीन लाटणाऱ्या, पोरीला जाळणाऱ्या जातीशी. रक्ताशी नाही. रक्त बदलता येत नाही, म्हणून रक्ताशी भांडणारा शेवटी माणूसच मारतो. व्यवस्था मोडता येते.

ज्या दिवशी आपण कुणाला किडा म्हणू, त्या दिवशी आपल्या तोंडून लागार्द बोलेल. तेवढं होऊ देऊ नका.

जय भीम!