अमाल्फीच्या किनाऱ्यावर हॉटेल कसे निवडावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा हा गृहस्थ बोनसवर बोलेल, फार तर कामगार कायद्यावर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळवला आणि त्यांचा पुन्हा फोन आला. ऐकण्यात काही चूक झाली काय, असे त्यांनी विचारले. चूक नव्हती. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर चार दिवस राहायचे असेल तर तेथले भारी हॉटेल कसे निवडावे, हाच आजचा विषय आहे.

ज्या माणसाचे अर्धे आयुष्य हॉटेलांच्या फाटकाबाहेर घोषणा देण्यात गेले, त्याला हा विषय सुचावा कसा, असे आपल्याला वाटेल. ते सांगतो. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. मी इटलीला गेलेलो नाही, हेही आधीच कबूल करतो. पण आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत. मी त्यांना भाऊ म्हणतो. बाराव्या वर्षी ते एका हॉटेलात मोरीवर कपबशा विसळायला लागले. पुढे एका मोठ्या हॉटेलात खोल्यांवर आले आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम करीत राहिले. दुसऱ्यांच्या गाद्या घालण्यात त्यांची उमर गेली. त्यांची मुलगी शिकली, परदेशी नोकरीला लागली. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, तेव्हा दोघांना अमाल्फीच्या किनाऱ्यावर न्यायचे तिने ठरवले आणि मला फोन केला. म्हणाली, ‘‘काका, हॉटेल कोणते घेऊ? पैशाची अडचण नाही. पण बाबांना तिथे अवघडल्यासारखे होता कामा नये.’’

प्रश्न साधा नव्हता. जो माणूस जन्मभर हॉटेलात मागच्या दाराने शिरला, तो प्रथमच पुढच्या दाराने आत जाणार होता. मी तिला म्हटले, ‘‘पोरी, मला महिनाभर दे.’’ त्या महिन्यात जे वाचले, विचारले, ताडून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणू. नेपल्सच्या दक्षिणेला डोंगरांची एक सोंड समुद्रात शिरली आहे. तिची दक्षिणेकडची बाजू म्हणजे अमाल्फीचा किनारा. पश्चिमेला पोझितानो, पूर्वेला व्हिएत्री. डोंगर सरळ पाण्यात उतरतो, सपाट जमीन अशी जवळजवळ नाहीच. कड्याला चिकटून एकच अरुंद रस्ता जातो. नेपल्सच्या राजांच्या कारकिर्दीत तो खोदला गेला आणि १८५० च्या सुमारास पुरा झाला. तोपर्यंत गावोगाव जायचे ते होडीने, खेचराच्या पाठीवर किंवा पायऱ्यांनी. आज त्या रस्त्यावर उन्हाळ्यात एवढी गर्दी होते की २०२२ पासून गाडीच्या नंबराप्रमाणे सम-विषम दिवस पाळावे लागतात.

म्हणून तेथे हॉटेल निवडण्याआधी गाव निवडावे लागते. पोझितानोचे चित्र आपण कॅलेंडरावर पाहिलेले असते: एकावर एक रचलेली रंगीत घरे. चित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे पायऱ्या. गाव चढावर वसले आहे. सामान हमाल वाहतात आणि माणसाला स्वतःला वाहावे लागते. रावेल्लो वर डोंगरात, समुद्रापासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आहे. तेथे शांतता आहे, बागा आहेत, १९५३ पासून चालत आलेला संगीतोत्सव आहे. पण पाण्यात पाय बुडवायचे तर खाली उतरावे लागते. अमाल्फी हे मधले, बंदराचे गाव. बोट आणि बस दोन्ही तेथून सुटतात. त्या बदल्यात दिवसा गर्दी सोसावी लागते. संध्याकाळी बोटी परतल्या की गाव रिकामे होते. प्रायानो आणि कोंका ही लहान, निवांत गावे. मात्र तेथून कोठेही जायचे तर वाहन हवे. हे सारे मी मुलीला सांगितले. भाऊंच्या घरातून बाईंचा एकच प्रश्न आला: ‘‘चढायचे किती?’’ मोरीवर आणि खोल्यांवर चाळीस-पन्नास वर्षे उभे राहिलेल्या माणसाचे गुडघे कसे असतात, हे त्या माउलीला ठाऊक होते. पोझितानो तेथेच बाद झाले.

आता हॉटेले. हंगामात एका रात्रीला हजार युरो आणि त्याहून कितीतरी अधिक घेणारी हॉटेले तेथे बरीच आहेत. त्यांचे ढोबळ तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग जुन्या मठांचा. अमाल्फीचे ‘लूना’ हे मूळचे फ्रान्सिस्कन मठ. १८७९ साली इब्सेन तेथे उतरला होता आणि ‘डॉल्स हाउस’ हे नाटक त्याने अमाल्फीतच पुरे केले. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने ते मराठीत आणले, हे आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. कोंका येथे जोगिणींच्या सतराव्या शतकातील मठाचे हॉटेल झाले आहे.

दुसरा वर्ग घरच्या लोकांनी चालवलेल्या हॉटेलांचा. पोझितानोत सेर्साले घराण्याने आपल्या उन्हाळी वाड्याचे १९५१ साली ‘ले सिरेनुझे’ हे हॉटेल केले. तेथे अमेरिकन लेखक स्टाइनबेक येऊन राहिला आणि १९५३ साली त्याने एका मासिकात पोझितानोवर लेख लिहिला. तेव्हापासून त्या गावाकडे जगाची रीघ लागली. फळबागांत राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांची कहाणी १९३९ साली जगापुढे मांडणारा तोच हा लेखक. त्याच गावाबाहेर १९७० साली सुरू झालेल्या ‘सान पिएत्रो’ या हॉटेलात खडक आरपार फोडून लिफ्ट थेट समुद्रापर्यंत नेली आहे.

तिसरा वर्ग मोठ्या कंपन्यांचा. रावेल्लोचे ‘कारूझो’ ज्या बेलमंड कंपनीकडे आहे, ती कंपनीच २०१९ साली पॅरिसच्या एका बड्या समूहाच्या मालकीची झाली. कंपनीचे हॉटेल वाईट आणि घरगुती चांगले, असे मी म्हणणार नाही. घरगुती मालकाने कामगारांना कसे पिळले, याची उदाहरणे मी रात्रभर सांगू शकेन. एका थंड हवेच्या ठिकाणी आमचे वीस वेटर पावसाळाभर भटारखान्याच्या वरच्या पोटमाळ्यावर झोपत असत आणि मालक म्हणत असे, ‘‘आम्ही सगळे एका घरातले!’’ मुद्दा एवढाच की तक्रार घेऊन कोठे जायचे, जिन्याखालच्या खोलीत की परदेशातल्या कचेरीत, याने फरक पडतो.

हे झाले इमारतींचे. पण माणूस तेथे हजार युरो मोजतो ते इमारतीसाठी नव्हे. खिडकीतून जे दिसते त्यासाठी. आणि खिडकीतून काय दिसते? खाली निळा समुद्र आणि वर पायरी-पायरीने चढत गेलेली हिरवी शेते. १९९७ साली युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशात घेतला, तो माणसाने घडवलेला भूप्रदेश म्हणून. त्या पायऱ्या निसर्गाने केलेल्या नाहीत. शेकडो वर्षे माणसांनी दगडावर दगड ठेवून, चुना-सिमेंट न वापरता बांध रचले, त्यामागे माती भरली आणि लिंबे लावली. लांबट, टोकदार अशी ही अमाल्फीची लिंबे. चेस्टनटच्या वाशांच्या मांडवावर ती वाढवतात. बागेत आजही पुष्कळसा माल खांद्यावरून उतरवावा लागतो. पूर्वी हे काम बायका करीत. पन्नास किलोहून जड ओझे घेऊन शेकडो पायऱ्या उतरत. त्यांना तेथल्या भाषेत ‘फोर्मिकेल्ले’ म्हणत. अर्थ, मुंग्या.

कोरड्या दगडांचा बांध पावसाचे पाणी झिरपू देतो आणि माती धरून ठेवतो. बांध दरवर्षी डागडुजी मागतो. शेत सोडले की बांध ढासळतो, आणि एक ढासळला की खालच्यावर भार येतो. तो डोंगर मुळातच दगाबाज. १९५४ च्या ऑक्टोबरात एका रात्रीच्या पावसाने सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी, मिनोरी या भागात तीनशेहून अधिक माणसे गेली. २०१० च्या सप्टेंबरात अत्रानी गावात चिखलाचा लोंढा रस्त्यावरून समुद्रात गेला आणि त्यात एका तरुणीचा बळी गेला. आता गंमत पाहा. लिंबाच्या शेतात पाठ मोडण्यापेक्षा हॉटेलात ट्रे उचलणे तरुणांना बरे वाटते. मी त्यांना दोष देणार नाही. पण मग बांध कोण सांभाळणार? हॉटेल ज्या देखाव्यावर उभे आहे, तो देखावा धरून ठेवणारा हात हॉटेलच ओढून घेते. म्हणून माझे म्हणणे असे, की जे हॉटेल या हातांना धरून राहते, ते चांगले हॉटेल.

आणि ट्रे उचलणाऱ्याचे तरी काय? इटलीच्या १९४८ च्या घटनेचे पहिलेच कलम सांगते की ते प्रजासत्ताक श्रमावर उभे आहे. तेथे हॉटेल-कामगारांचा देशव्यापी करार असतो. ५ जुलै २०२४ रोजी तीन संघटनांनी मालकांच्या संघाशी नवा करार केला आणि मधल्या श्रेणीच्या कामगाराला टप्प्याटप्प्याने महिना दोनशे युरोंची वाढ मिळवली. आमच्या तोंडाला पाणी सुटावे अशी ही गोष्ट आहे. पण दुखणे हंगामाचे आहे. ही बहुतेक भारी हॉटेले साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि हिवाळ्यात कुलूप लावतात. २०१५ सालच्या बेकारभत्त्याच्या कायद्याने असे ठरवले, की मागच्या चार वर्षांत जितके आठवडे काम भरले, त्याच्या निम्मे आठवडे भत्ता मिळेल. सहा महिने राबलेल्याला तीन महिने भत्ता. उरलेल्या तीन महिन्यांचे त्याने पाहून घ्यावे!

तेव्हा मी मुलीला चार प्रश्न लिहून दिले. एक: फाटकापासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून समुद्रापर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट कोठवर जाते? दोन: मालक कोण, आणि तो तेथे असतो काय? तीन: तुमच्याकडचे किती कामगार दरवर्षी परत येतात? चार: ताटातले लिंबू आणि मासा कोठून येतो? ती म्हणाली, ‘‘काका, असे कोणी हॉटेलला विचारते का?’’ म्हटले, ‘‘हजार युरो देणाऱ्याने नाही विचारायचे, तर कोणी?’’

तिने सहा ठिकाणी लिहिले. चौघांनी छापील माहितीपत्रके पाठवली. पाचव्याने पायऱ्यांचा आकडा तेवढा दिला. सहाव्या ठिकाणाहून मालकाच्या बहिणीचे उत्तर आले: दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा हा विसावा हंगाम आहे, लिंबे हॉटेलच्या मागच्या बांधांवरची आहेत आणि ते बांध नीट करायला हिवाळ्यात आमचीच दोन माणसे असतात. हॉटेल अमाल्फीतले आहे. नाव सांगत नाही. मी कोणाचा दलाल नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिघे जाऊन आले. परतल्यावर भाऊ कचेरीत आले. समुद्राविषयी त्यांनी दोनच वाक्ये सांगितली. मग म्हणाले, ‘‘पहिल्या सकाळी उठलो आणि सवयीने गादी नीट करून ठेवली. ती बाई आली आणि दारातच थबकली. चेहरा उतरला. तिला वाटले, काल आपल्या हातून काही चुकले. मुलीने समजावून सांगितले, बाबा हेच काम करीत होते. तेव्हा ती हसली. दुसऱ्या दिवशी मी गादी तशीच ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. चादरीचा कोपरा कसा मुडपते ते पाहिले. हात बसलेला आहे तिचा!’’

मी विचारले, ‘‘अवघडल्यासारखे झाले का?’’

‘‘पहिला दिवस झाले,’’ भाऊ म्हणाले. ‘‘मग मी तिला विचारले, दिवसाला खोल्या किती? तिने बोटांनी अकरा दाखवल्या. आपल्याकडे अठरा होत्या. मग विचारले, हिवाळ्यात काय करता? म्हणाली, नवरा बांधांवर जातो. मला तीन महिने भत्ता मिळतो. पुढे फेब्रुवारी फार लांब वाटतो.’’ थोडा वेळ थांबून ते म्हणाले, ‘‘आपल्याकडे पावसाळा वाटायचा, तसा.’’

मित्रहो, आपणांपैकी कोणी अमाल्फीला जाईल, कोणी महाबळेश्वरला, कोणी गोव्याला. जरूर जा, कष्टाच्या पैशाने चार दिवस सुखात राहण्यात पाप नाही. मात्र खोली ठरवताना समुद्र दिसतो काय, एवढेच विचारू नका. खोली आवरणारा माणूस पुढल्या वर्षी तेथे असेल काय, हेही विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर मालक हसेल. शंभरांनी विचारले तर त्याला उत्तर तयार ठेवावे लागेल, आणि पुढे ते खरेही करावे लागेल. आमच्या मोर्च्याने जे होत नाही, ते कधीकधी गिऱ्हाइकाच्या एका साध्या प्रश्नाने होते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.