मुष्टियुद्धातील श्रेष्ठत्वाची मोजपट्टी



आजचे मुष्टियोद्धे जुन्या श्रेष्ठांच्या पंक्तीत बसतात काय, हा वाद प्रायः आकड्यांच्या आधारे चालतो. परंतु दोन काळांतला रुपया अंक सारखा म्हणून समान ठरत नाही. विजयांचेही तसेच आहे.

फ्लॉइड मेवेदर ५० लढतींत अपराजित राहिला. पैकी शेवटची, २०१७ मधली, व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रथमच उतरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी होती. शुगर रे रॉबिन्सन १९४० ते १९६५ या काळात सुमारे २०० लढती लढला व १९ हरला. हेन्री आर्मस्ट्राँगकडे १९३८ मध्ये एकाच वेळी तीन जगज्जेतेपदे होती, तेव्हा मुख्य वजनगट अवघे आठ होते. आज सतरा-अठरा गट आणि चार प्रमुख संघटना आहेत; म्हणूनच ओलेक्सांद्र उसिकने २०२४ मध्ये हेवीवेट गटाचे चारही पट्टे एकत्र केले, याचे मोल मोठे.

मग जुने तेवढे सोने काय? तसेही नव्हे. १९२० च्या दशकात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय योद्धा जगज्जेत्या जॅक डेम्प्सीला आव्हान देत राहिला. ती लढत कधीच झाली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात भरती होण्यास मुहम्मद अलीने नकार दिला, म्हणून १९६७ पासून साडेतीन वर्षे त्याला रिंगणाबाहेर ठेवले गेले. विक्रमांच्या वहीत ही पाने कोरीच आहेत.

तेव्हा क्रम जरूर लावावा. परंतु कोण किती जिंकला, हे विचारण्यापूर्वी कोणाला लढू दिले, हे विचारावे. डेम्प्सी थोर होता खरा. पण विल्सशी न लढलेल्या डेम्प्सीचे श्रेष्ठत्व अपुरेच सिद्ध झाले आहे.